गच्चीवर हिरवं छत: त्यासाठी ठेव मोडावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १०० चौरस मीटरची गच्ची गळते, वॉटरप्रूफिंग नव्याने करावंच लागणार आहे. त्यावर लगेच हिरवं छतही (म्हणजे माती आणि झाडांचा थर) करावं का आणि त्यासाठी अडीनडीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी का?

ठेव मोडू नका. हिरव्या छताचं मात्र गणित मांडून बघू.

वॉटरप्रूफिंगचा खर्च दोन्हीकडे आहे, तेव्हा तोलायचा तो फक्त वरचा जादा खर्च. समजा, वॉटरप्रूफिंगला १०० रुपये लागतात आणि हिरव्या छताला आणखी १५०. उघडं मेम्ब्रेन (वॉटरप्रूफिंगचा पाणी अडवणारा पातळ थर) उन्हाने आणि रोजच्या तापण्या-निवण्याने साधारण २० वर्षांत संपतं. मातीखाली झाकलेलं ४० वर्षं टिकू शकतं. म्हणजे विसाव्या वर्षीचे १०० वाचले. पण गुंतवलेल्या पैशावर महागाई वजा जाता वर्षाला ४ टक्के परतावा धरला, तर त्यांची आजची किंमत ४६च भरते. उरलेले १०४ चाळीस वर्षांत वसूल व्हायला, देखभाल वजा करून, दरवर्षी सव्वापाचच्या वर बचत हवी. तुमच्या कोटेशनचे आकडे यात घालून पाहा.

ही बचत येते एसीच्या बिलातून, तीही फक्त वरच्या मजल्याच्या. तिथे एसी नसेल तर खोली गार होईल, पण हातात पैसा येणार नाही. स्लॅबवर आधीच इन्सुलेशन असेल तर फरक आणखी कमी, कारण ओली माती स्वतः काही चांगलं इन्सुलेशन नाही. गारवा येतो तो सावलीने आणि बाष्पीभवनाने.

पर्यावरणाचा फायदा खरा आहे, पण बराचसा शहराच्या खात्यात जातो. १० सेंटीमीटरचा कोरडा हलका थर चौरस मीटरला ३० लिटरच्या आसपास पाणी धरतो, म्हणजे तुमच्या गच्चीवर ३,००० लिटर गटारात उशिरा पोचतं. थर एकदा भिजला की पुढची सर थेट खाली. जर्मनीतल्या अनेक शहरांत अशा छतांना पावसाच्या पाण्याच्या शुल्कात सूट मिळते. तुमच्या पालिकेची काही सवलत असेल तर ती लेखी घ्या आणि मगच हिशोबात धरा.

सगळ्यात आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल. साधी ओली माती १० सेंटीमीटरला चौरस मीटरमागे १८० किलोपर्यंत जाते. पूर्ण गच्चीवर १८ टन, आणि तेही कायमचे. म्हणून बागेची माती नको, हलकं मिश्रणच घ्या. तेही भिजल्यावरचं वजन विचारा. कोरडं वजन सांगून माल खपवणारे भेटतात.

अहवाल अनुकूल आला तर आत्ता मुळांना दाद न देणारं मेम्ब्रेन टाका. १:१०० उतार ठेवा, पाणी ४८ तास तुंबवून खालून छत तपासा. ही चाचणी वगळली की पुढे गळतीची जागा शोधायला सगळी माती उपसावी लागते, आणि गणित तिथेच फसतं. मग एसीच्या खोल्यांवरच्या भागापुरते थर द्या: संरक्षक मॅट, ड्रेनेज शीट, गाळणी कापड, मिश्रण, कमी उंचीची झाडं. कठड्यालगत आणि पाणी जाण्याच्या जाळ्यांभोवती ३० सेंटीमीटर खडीची पट्टी मोकळी सोडा. बाकीची गच्ची पुढे मासिक बचतीतून करता येईल.

देखभालीत वर्षातून निदान दोनदा जाळ्या साफ करणं आणि आपोआप उगवलेली झाडांची रोपं लहान असतानाच उपटणं आलं.

करारात एक ओळ हवीच: हमीच्या काळात गळती झाली, तर थर उचलून पुन्हा बसवण्याचा खर्च कोणाचा? वॉटरप्रूफिंग एकाकडे आणि बाग दुसऱ्याकडे दिलीत, तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील. दोन्ही कामं एकाच कंत्राटदाराकडे द्या, थोडी महाग पडली तरी.