मधला निरोप्या

‘मॅडम, पोरगा माह्याशी बोलतच नाही, काय करू?’ असं विचारणारा बाप महिन्याला एखादा तरी माझ्याकडे समुपदेशनाला येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातलं हे असंच एक घर. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

सात एकर वावर, पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि तूर, विहिरीवर थोडं ओलीत. मुलगा सव्वीस वर्षांचा, पुण्यात स्पर्धा परीक्षेची चार वर्षं घालवून परतलेला. आई दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसली. मी बाबांना विचारलं, ‘मुलाबद्दल काय वाटतं?’ ते बायकोकडे वळले, ‘त्याले म्हण, तूच सांग मॅडमले.’ मुलगा हाताच्या अंतरावर बसलेला. तरी आईनं निरोप पोचवला, ‘सांग नं बाप्पा.’

घरीही हेच चालायचं. बाबा म्हणायचे, ‘लाइन आली आहे, चण्याले पाणी द्याचं आहे, येतो का विचार.’ आई मुलाला सांगायची, ‘जरा वावरात जात जा, बाबा थकले आता.’ मुलाला त्यात टोमणा ऐकू यायचा. तो काही न बोलता खोलीत जायचा. बाबांना कळायचं, ‘नाही म्हणते.’ आईला दोष देण्यात अर्थ नाही. भांडण नको म्हणून ती शब्दाची धार घासते, आणि घासता घासता अर्थच बदलतो.

पहिल्या भेटीत चूक माझी झाली. ‘एकमेकांना मनातलं सांगा,’ म्हटलं. बाबांनी दुपट्टा खांद्यावर टाकला, ‘ढोरं वाट पाहात असतीन,’ आणि उठले. ज्या माणसानं आपल्या बापाशीही कामापलीकडे बोलणं केलं नाही, त्याला मी एकदम मनातलं मागत होते.

दारातून जाताना मात्र ते एक वाक्य बोलले, ‘आता जगून तरी का करू.’ मी त्यांना परत बसवलं, बाकीच्यांना बाहेर थांबवलं आणि स्पष्ट विचारलं, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं विचारल्यानं विचार डोक्यात भरवला जातो, ही भीती खोटी आहे. ‘कधीमधी येते,’ म्हणाले. त्याच दिवशी त्यांना मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं, फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवायला लावलं आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मुलाच्या मोबाइलमध्ये टाकला. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो. मुलगा तेव्हा पहिल्यांदा बापाकडे सरळ बघत होता.

पुढच्या भेटीत मनातलं-बिनातलं काही मागितलं नाही. पंधरा दिवस आईमार्फत निरोप बंद, बोलायचं ते फक्त कामाचं, आणि ‘काहून’ने, म्हणजे ‘का’ने, सुरू होणारा प्रश्न विचारायचा नाही. ‘काहून आला नाही?’ला उत्तर नसतं, भांडण असतं.

पहिले आठ दिवस ‘मोटर बंद केली का?’ ‘हाव.’ एवढंच. मग एका रात्री मुलगा बॅटरी घेऊन विहिरीवर गेला. तिथं त्याला कळलं, की रात्री लाइन आली की पाणी द्यायची पाळी बाबा एकटेच करत होते, त्याची झोप मोडू नये म्हणून. हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं.

परवा आई एकटीच आली. दोघांचं पुढच्या हंगामात सोयाबीन पेरायचं की नाही यावरून वाजलंय म्हणे.

‘थेट भांडतात आता,’ ती म्हणाली. ‘मले तर कोणी विचारतच नाही.’