चिखलातली खारफुटी का मरते: रोपं आणण्याआधी पातळी मोजा

तुमचा प्रश्न असा: खाडीच्या तोंडाशी उघड्या चिखलात गेल्या वर्षी कांदळाची (खारफुटीतलं एक झाड) रोपं लावली, बहुतेक मेली, यंदा दुप्पट लावावीत का?

नका लावू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत रोपांच्या देठांवर पांढरी, टोकदार कवचं दाटीनं बसलेली दिसतात. ती बार्नेकल, म्हणजे कठीण वस्तूला कायमचे चिकटून राहणारे कवचधारी समुद्री जीव, आहेत. बराच वेळ पाण्याखाली राहणाऱ्या वस्तूवरच ती अशी वाढतात, म्हणजे जागाच खोल आहे. खारफुटी साधारणपणे सरासरी समुद्रपातळीपासून उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) रेषेपर्यंत रुजते. त्याखाली कोवळ्या रोपाला पुरेशी हवा मिळत नाही. २००४च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत लागवड झालेली २३ ठिकाणं पुढे तपासली, तेव्हा ९ ठिकाणी एकही रोप उरलं नव्हतं. चुकीची उंची हे तिथलं एक मोठं कारण होतं. शिवाय तो चिखल ओसाड नाही. ओहोटीला पाणपक्षी तिथेच किडे-शिंपले टिपतात. तो बुजवून खारफुटी करणं मला तरी पटत नाही.

आधी पातळी मोजा. १०-१२ मिमीची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, बुडबुडे पूर्ण काढा. एक टोक जवळच्या कांदळवनात आपोआप उगवलेल्या लहान रोपांपाशी काठीला बांधा, दुसरं तुमच्या जागेवर. दोन्हीकडे नळीतल्या पाण्यापासून चिखलापर्यंतचं अंतर मोजा. त्यातला फरक म्हणजे उंचीतला फरक. मोठ्या झाडाशी तुलना करू नका: जमीन झिजली तरी जुनं झाड तग धरतं, तिथे नवं रोप रुजेलच असं नाही. काठी चिखलात रुतते आणि माप चुकतं, म्हणून तिच्या टोकाला फळीचा तुकडा ठोका. १०-१५ ठिकाणी मोजा. सोबत १५ दिवस, म्हणजे उधाण आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) दोन्ही धरून, जागा किती तास बुडते ते टिपा. सरासरी रोज सात तासांहून जास्त बुडत असेल तर ती जागा सोडा.

पातळी योग्य असूनही झाडं नसतील, तर पाणी कुठे अडलंय ते शोधा. जुना बांध, रस्त्याखालची बुजलेली मोरी, टाकलेला भराव. आत पाणी साचून राहिलं की चिखल काळा पडतो, सडक्या अंड्यांचा वास येतो, तिवराची (खारफुटीतलंच दुसरं झाड) चिखलाबाहेर डोकावणारी श्वसनमुळं बुडून झाड गुदमरतं. उलट भरती फक्त उधाणालाच पोचत असेल तर जमिनीवर मिठाचा पांढरा थर दिसतो. बांध जुन्या ओहळाच्या वाटेवरच फोडा, आणि ओहोटीला आतलं पाणी पूर्ण निघेल इतका खोल. वरवर फोडला तर पाणी आत येतं, पण बाहेर जात नाही. ते आधीपेक्षा वाईट. मात्र त्याआधी बांध कोणाचा, मागे शेती किंवा वस्ती आहे का ते पाहा आणि रीतसर परवानगी घ्या.

आता दोन हंगाम थांबा. जवळ मोठी झाडं असतील तर शेंगा आणि बिया पाण्याबरोबर येतात. नाहीच आल्या तर लावा: कांदळाची पिकून सहज सुटणारी शेंग, टोकदार बाजू खाली, कोंबाची वर, सुमारे एक तृतीयांश चिखलात, मीटरभर अंतरावर. उलटी खोचलेली शेंग हमखास वाया जाते. पिशवीतलं रोप असेल तर पिशवी काढून परत आणा.

मोजणी किमान तीन वर्षं ठेवा. ५ बाय ५ मीटरचे कायम चौकोन आखा आणि लावलेली व आपोआप आलेली रोपं वेगळी मोजा.