वाचकांचे प्रश्न : एकच चौकोन तिरका का?

प्रश्न : स्क्रीन प्रिंटिंगने छापलेलं एक अमूर्त चित्र घेतलंय. ८ ओळी, प्रत्येकीत ६ निळे चौकोन, सगळे एका मापाचे. पाचव्या ओळीतला एकच चांगला बोटभर तिरका आहे. खालची ओळ जरा फिकट. समासात पेन्सिलीने १२/४० लिहिलंय. मित्र म्हणतो, हे कारखानी उत्पादनावरचं भाष्य. मला तर चादरीचं डिझाइन वाटतं.
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आधी तो तिरका चौकोन बघू. स्क्रीन प्रिंटमध्ये एका रंगाला एक स्क्रीन, म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी; तिच्यावरच्या स्टेन्सिलच्या उघड्या भागातून शाई कागदावर उतरते. कागद हलला तर त्या रंगाचे ४८ चौकोन एकदम हलतात, एकटा कधीच नाही. म्हणजे तिरकेपणा स्टेन्सिलमध्येच आहे. १२/४० म्हणजे ४० प्रतींतली बारावी; त्या ४०ही प्रतींत तो तिथेच सापडेल. दुसऱ्या प्रतीचा फोटो मिळाला तर ताडून बघा. इतकी ढळढळीत चूक चाचणीच्या प्रतीत दिसतेच. तरी ठेवली, म्हणजे हवी होती.

चादर आठवली हे बरंच झालं. ताण्याचा धागा तुटला की जोडेपर्यंत उभी रेघ पडते. बाणा चुकला तर आडवी, तेवढ्यापुरती. पण जॅकार्ड मागावर डिझाइन ठरवणारी भोकांची कार्डं असतात; त्यात एक भोक चुकलं की तीच चूक डिझाइनच्या दर फेरीला परत येते. तुमचा चौकोन या कार्डाच्या जातीचा: हाताने झाल्यासारखी दिसणारी चूक, पण ४० वेळा हुबेहूब छापलेली. मित्राच्या बाजूचा भक्कम पुरावा हाच.

नुसते चौकोन ओळीत आहेत म्हणून मात्र भाष्य होत नाही. चौकडीचं विणकाम कारखान्यांहून कितीतरी जुनं. अँडी वॉरहॉलने १९६२ साली सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली, तिथे डबाच दुकानातला होता, कारखाना आपोआप आठवतो. तुमच्याकडे डबा नाही, त्यामुळे पुरावा छपाईतच शोधायचा. आणि कारखान्यावर बोलणारा स्वतः ४० प्रतींवर का थांबला, हेही मित्राला विचारा!

फिकट ओळीसाठी दहापट भिंग घ्या. कडा दाणेदार, तुटक असतील तर शाई कमी पडली किंवा जाळीत सुकली; तो दोष, अर्थ लावू नका. कडा धारदार आणि रंग सपाट असेल तर शाई मुद्दाम फिकी कालवली आहे. बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते बहुधा स्क्रीन प्रिंटच नाही, ऑफसेटवर (पुस्तकं-मासिकं छापतात त्या यंत्रावर) काढलेली नक्कल असावी. तसं ठरलं तर पैसे परत मागा.