आजोबांचं बियाणं पेरून टाक

प्रिय,

आजोबांच्या बियाण्याच्या बाटल्या आठवण म्हणून कपाटात ठेवाव्यात की पेराव्यात, असं तू विचारलंस. पेर. अर्धं बी पेर, अर्धं मागे ठेव, पण आणखी एक हंगाम वाया घालवू नकोस.

बी जिवंत असतं, बंद बाटलीतही ते म्हातारं होत जातं. कांद्याचं बी एक-दोन वर्षांतच दगा देतं, घेवड्याचं साधारण 3 वर्षं तग धरतं, टोमॅटोचं कोरड्या, थंड जागी 4-5 वर्षंही चांगलं राहतं. आजोबांनी प्रत्येक बाटलीवर साल लिहून ठेवलंय ते उगाच नाही. सगळ्यात जुनी बाटली आधी उघड. 10 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेव, फडकं वाळू देऊ नकोस. आठवड्याभरात सात-आठ बियांना मोड आले तर काळजी नाही. दोन-तीनच आले तर दाट पेर, टाकून मात्र देऊ नकोस.

सुरुवात घेवड्यापासून कर. त्याचं परागीकरण बहुतेक फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे वाण सहसा बिघडत नाही. काही शेंगा खाण्यासाठी न तोडता वेलावरच वाळू दे. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की काढायच्या.

भोपळ्याला मात्र जपावं लागतं. आसपास त्याच्या जातीचा दुसरा वाण असेल तर मधमाश्या दोघांची सरमिसळ करतात. पुढच्या वर्षी वेल उगवेल, फळही धरेल, पण ते आजोबांचं नसेल. म्हणून संध्याकाळी, उद्या उमलेल अशी मादी कळी शोध. तिच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो, त्यावरून ओळखू येते. ती आणि एक-दोन नर कळ्या दोऱ्याने अलगद बांध. सकाळी सोडून नर फुलातले पराग मादी फुलाच्या मध्यभागी लाव आणि ते फूल पुन्हा बांधून टाक. त्या फळाला खूण कर, बी त्याचंच धरायचं. हे काम मला फार आवडतं.

आता मनातलं. आजोबांची बाग होती तशीच्या तशी उभी करायच्या मागे लागू नकोस. त्यांचे वाफे त्यांच्या पाठीला झेपतील तसे होते, तू तुझ्या सोयीने आख. त्यांना न आवडणारी भाजीही खुशाल लाव. खुरपं हातात घेशील तेव्हा मुठीवर त्यांच्या अंगठ्याने झिजलेली जागा लागेल, तिथे रडू आलं तर येऊ दे. आणि आजीला आत्ताच विचार, ते पाणी केव्हा द्यायचे, राख कुठे टाकायचे. वहीत उतरवून ठेव, हे कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नाही.

पीक आलं की थोडं बी शेजारी दे. तुझ्याकडे एखाद्या वर्षी कीड पडली तरी वाण त्यांच्याकडे शाबूत राहील. नव्या बाटलीवर साल घाल, खाली तुझं नाव लिही. घेवडा उगवला की कळव, आधार कसा बांधायचा ते तेव्हा सांगते.

सस्नेह