बॅटरी बदलून आठवडा झाला, चेक इंजिनचा दिवा नाही, तरी स्कॅनरवर इव्हॅप (पेट्रोलच्या वाफेची गळती) आणि कॅटॅलिस्ट (धूर शुद्ध करणारा भाग) या तपासण्या ‘नॉट रेडी’, म्हणजे अपूर्ण, का?

बहुतेक वेळा गाडीत बिघाड नसतो. बॅटरी काढली की ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची) मेमरी पुसली जाते आणि या तपासण्या पुन्हा पूर्ण व्हायला ठरावीक परिस्थिती लागते. सोलापुरात होटगी रोडवरच्या गॅरेजात स्कॅनर रोज हाताळतो, त्यावरून सांगतो. कॅटॅलिस्ट गावातल्या गर्दीत होत नाही. इंजिन तापल्यावर पुणे हायवेला मोहोळपर्यंत ७०-८० च्या एकसारख्या वेगाने जा, मधूनमधून ब्रेक न दाबता पाय उचलून वेग उतरू द्या. इव्हॅप जास्त नखरेबाज. टाकी साधारण पाव ते पाऊण हवी (फुल्ल करून वाट बघणारे बरेच येतात), आणि गाडी रात्रभर थंड झालेली हवी. बऱ्याच गाड्यांत हवा ३५ अंशांच्या वर असली की ही तपासणी सुरूच होत नाही, म्हणून मे महिन्यात सोलापुरात दुपारी प्रयत्न करू नका, पहाटे निघा. मधे स्कॅनरने बिघाडाचे कोड पुसू नका, सगळं पुन्हा शून्यावर येतं. मात्र स्कॅनरवर पेंडिंग कोड (दिवा लागण्याआधीच नोंदलेला बिघाड) दिसत असेल तर आधी तो दुरुस्त करा. पीयूसीची चिंता नको, तिथे धूर मोजतात, हे बघत नाहीत.