'लेकवळा' म्हणजे बाप अज्ञात नव्हे

प्रश्न असा आला आहे. साताऱ्याकडच्या एका घराण्याची वंशावळ छापायचे चालले आहे. इंग्रजी अमदानीत इनामाच्या चौकशीत दाखल केलेल्या मोडी कागदात खापरपणजोबांच्या एका भावाच्या नावापुढे 'लेकवळा' असा शेरा आहे. त्याची आई कोण, ते कुठेच लिहिलेले नाही. घरातले काही जण म्हणतात, ते सापडलेले पोर असणार. काही म्हणतात, लेकवळा म्हणजे लाडका लेक. खरे काय? आणि छापताना त्या जागी 'अनौरस' लिहावे का?

लाडका लेक हा अर्थ सोडून द्यावा. तो बहुधा 'लेकुरवाळा' या शब्दाशी झालेल्या घोटाळ्यातून आला असावा. लेकुरवाळा म्हणजे पोराबाळांचा धनी. लेकवळा, कुठे लेकावळा, हा वेगळाच: लग्नाच्या बायकोखेरीज घरात असलेल्या बाईपासून झालेला मुलगा. ती बाई कुणबीण असेल, बटीक (घरची दासी) असेल, राख (ठेवलेली बाई) असेल, मोठ्या सरदाराकडे नाटकशाळा (नाचगाणे करणारी रखेली) असेल. (पेशवाईच्या कागदांतली कुणबीण ही कुणब्याची बायको नव्हे, विकत घेतलेली किंवा सरकारातून मिळालेली दासी. या एका शब्दावर हौशी संशोधक हमखास घसरतात.)

म्हणजे सापडलेल्या पोराला लेकवळा म्हणत नाहीत. लेकवळ्याचा बाप सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून तर त्याला हा शब्द लागतो. 'अमका बिन तमका', म्हणजे तमक्याचा मुलगा अमका, या मांडणीत 'बिन'च्या पुढची जागा त्याच्याही बाबतीत भरलेली असते. कागदात हरवते ती आई. लग्नाच्या बायकोच्या नावापुढे 'कोम' येऊन नवऱ्याचे नाव लागते. कुणबिणीची नोंद झालीच तर नुसत्या नावाने, आणि बऱ्याचदा तेही नाही. तुमच्या कागदातली कोरी जागा आईची आहे, हे बघूनच मी म्हणतो की शेरा नेमका त्याच अर्थाने आहे.

बाप खरोखर अज्ञात असेल तर काय म्हणायचे, यालाही जुने शब्द आहेत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बारा प्रकारचे पुत्र मोजले आहेत. त्यांतला कानीन हा कुमारिकेचा, सहोढ म्हणजे आईच्या पोटात असतानाच तिच्या लग्नाबरोबर आलेला, आणि गूढोत्पन्न म्हणजे घरात जन्मला पण कोणाचा ते कळत नाही असा. या शेवटच्याचा निकाल स्मृतीने एका ओळीत लावला आहे: ज्याची शय्या त्याचा मुलगा. वंशावळी धुंडाळणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, कारण गूढोत्पन्न कोणत्याच वंशावळीत सापडत नाही. तो औरस म्हणूनच नोंदलेला असतो. शेरा असलेला माणूस संशयास्पद आणि शेरा नसलेले सगळे निर्मळ, असा हिशेब मांडणाऱ्यांची मला गंमत वाटते.

मग शेरा मारायचा कशासाठी? वाटणीसाठी. याज्ञवल्क्याचे वचन आहे, 'जातोऽपि दास्यां शूद्रेण कामतोंऽशहरो भवेत्': शूद्राला दासीपासून झालेला मुलगाही बापाच्या मर्जीने वाटेकरी होतो, आणि बाप मेल्यावर भावांनी त्याला अर्धा भाग द्यावा. द्विजांच्या घरी मात्र दासीपुत्राला फक्त अन्नवस्त्र. इंग्रजी कोर्टांनी हाच नियम उचलला. मुंबई हायकोर्टाने १८७५ साली राही विरुद्ध गोविंद या खटल्यात ठेवलेल्या बाईच्या मुलाला दासीपुत्राच्या पंगतीत बसवले, पण संबंध परस्त्रीशी असेल तर त्या मुलाला वारसा नाही, फक्त पोटगी, असे ठरवले. त्यामुळे घराणे क्षत्रिय की शूद्र, हा वाद जमिनीच्या एकरांत मोजता येत असे. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, इनामांच्या चौकशीचा कायदा १८५२ चा. अशा कागदात लेकवळा हा शब्द कोणी लिहवला, हे आधी पाहा. भाऊबंदाच्या कैफियतीत (लेखी म्हणण्यात) असेल तर तो आरोप आहे. त्या माणसाच्या स्वतःच्या अर्जात असेल तर कबुली, आणि कबुलीमागे निदान अर्ध्या वाट्याची मागणी असणार. पुढे दिवाणी दावा झाला असेल तर साक्षीपुरावे शोधा. आईचे नाव सापडले तर तिथेच सापडेल.

अक्करमाशी हा याच घरातला शब्द, पण जास्त बोचरा. बारा माशांचा एक तोळा. अकरा मासे भरले तर तोळा उणा. लग्नाचा तो बारमाशी, दुसरा अक्करमाशी. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ च्या आत्मकथनाने हा शब्द शहरातल्या वाचकांपर्यंत पोहोचवला. कुठे 'कडू' म्हणत. हे बोलण्यातले शब्द. सरकारी कागदात लेकवळा आणि दासीपुत्र यांचीच वर्दळ जास्त.

पाटाच्या बायकोची मुले मात्र यांत ढकलू नका. पाट, म्हणजेच म्होतूर, हा विधवेचा रीतसर पुनर्विवाह. सरकार त्यावर पाटदाम नावाचा कर घेई. वंशावळी छापताना पुष्कळ जण लाजेपोटी 'पाटाची' हा शब्द गाळतात किंवा तिला रखेली समजतात. दोन्ही चूक.

लेकवळेपणाने माणसाची वाट कायमची अडत असे, असेही नाही. राणोजी शिंद्यांना चिमाबाईपासून झालेल्या महादजींच्या जन्मावर बोट ठेवले गेले. पानिपतानंतर सरदारकी हाती यायला त्यांना कित्येक वर्षे झगडावे लागले. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. याउलट साताऱ्याच्या रामराजाचे प्रकरण. शाहू १७४९ च्या डिसेंबरात वारले, ताराबाईंनी आपला नातू म्हणून ज्याला पुढे केले तो गादीवर बसला, आणि वर्षाच्या आत त्याच ताराबाईंनी तो गोंधळ्याचा पोर असल्याचे जाहीर करून त्याला कैदेत टाकले. १७५२ साली जेजुरीला खंडोबापुढे त्यांनी तशी शपथही घेतली. खोटे कधी बोलल्या, आधी की नंतर? त्याला लेकवळा म्हणता येत नाही, औरसही छातीठोकपणे म्हणता येत नाही. पेशव्यांनी त्याला गादीवर ठेवला, तेवढ्याने तो छत्रपती.

गोव्यात चित्र उलटे दिसते. पोर्तुगीज चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत 'पाइ इन्कॉग्निटू', म्हणजे बाप अज्ञात, अशी सरळ नोंद असते आणि आईचे नाव दिलेले असते. तुमच्या घराण्याची एखादी शाखा तिकडे गेली असेल तर लेकवळा आणि ही नोंद एकच समजू नका.

आता 'अनौरस'. औरस म्हणजे उरापासून झालेला, स्वतःच्या धर्मपत्नीचा. काटेकोर पाहिले तर दत्तकही औरस नव्हे, पण त्याला अनौरस म्हटले तर तुमचे निम्मे इनामदार नातेवाईक भांडायला येतील. अनौरस हा शब्द माणूस काय नाही एवढेच सांगतो. लेकवळा बाप कोण ते सांगतो आणि आई कोणत्या दर्जाने घरात होती तेही सुचवतो. शिवाय आजच्या वाचकाला अनौरसमध्ये कायद्याचा वास येतो, आणि कायदा तर पुष्कळ बदलला आहे: १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम १६ रद्दबातल विवाहाच्या मुलांना औरस मानते, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकत्र कुटुंबातल्या आईबापांच्या हिश्श्यातही त्यांचा वाटा मान्य केला.

म्हणून छापताना त्याला भावांच्याच ओळीत घ्या, शेरा अवतरणचिन्हांत जसाच्या तसा द्या, आणि तो कोणत्या सालच्या, कोणाच्या कागदातला ते खाली लिहा. आईच्या जागी 'नाव नोंदलेले नाही' असे छापा. 'अज्ञात' नको, कारण त्या वाड्यात ती सगळ्यांना ठाऊक होती.