लाल गोलातला आकडा

"मॅडम, सकाळी १३८ होतं, दहा मिनिटांनी १५८! खरं कुठलं धरायचं?"

बीपीचं मशीन घरोघरी आल्यापासून हा प्रश्न सतत कानावर येतो. हे काका सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, तपासणी विभागातले. गोळी चालू होती. डॉक्टरांनी घरी मोजायला सांगितलं, तर हे दिवसातून दहा-बारा वेळा मोजायचे, रात्री दोनलासुद्धा. वहीत सर्वांत मोठ्या आकड्याभोवती लाल गोल.

पहिल्या दोन भेटींत मी धीर देत बसले. उपयोग शून्य. तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, "काका, कारखान्यात मायक्रोमीटरने, त्या बारीक माप घेणाऱ्या उपकरणाने, एकदाच मोजून तयार भाग रिजेक्ट करायचात?"

"छे! आधी झीरो बघायचा. पुन्हा मोजायचं, सरासरी काढायची..." बोलता बोलता ते थांबले. वहीकडे बघत म्हणाले, "आणि इथे मी जिना चढून आलो की लगेच पट्टा बांधतो."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला फार उशिरा जमलं.

विवेकनिष्ठ विचार, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याबद्दलची समजूतच आपल्याला छळते, हे मानणारी मी; काकांना आकडा छळत नव्हता, '१५८ म्हणजे आता झटका' ही समजूत छळत होती. त्या धास्तीने पुढचा आकडा आणखी चढायचा.

मग त्यांच्याच शिस्तीने नियम ठरले. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, चालणं बंद. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. पाच मिनिटं शांत बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या पातळीत, तोंड बंद (काकूंशी वादही बंद!). सकाळ-संध्याकाळ, मिनिटाच्या अंतराने दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून द्यायचा. उरली चोवीस मापं, प्रत्येकात एक वरचा आणि एक खालचा आकडा. वरच्यांची सरासरी वेगळी, खालच्यांची वेगळी. दवाखान्यात १४०/९० ही जास्तीची रेषा मानतात, घरच्या सरासरीला १३५/८५.

काकांची वरची बेरीज ३१६८, खालची १९६८. भागाकार त्यांनीच केला: १३२/८२. गोळीचं काय करायचं ते मात्र डॉक्टरच ठरवणार, हे मी दोनदा बजावलं. आणि १८०/१२० च्या वर गेलं, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजून डॉक्टरांना लगेच कळवायचं. छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं यांपैकी काही असेल तर पुन्हा मोजत न बसता थेट हॉस्पिटल गाठायचं.

परवा काकू एकट्याच आल्या होत्या. मशीन आता त्यांच्या कपाटात असतं, म्हणाल्या, किल्लीसकट.